समजून घ्या : पावकी, सवायकी, अडीचकी हे पाढे होते कशासाठी?

उमरग्याच्या बाजारात सोयाबीन नेलं. वजन भरलं सव्वासात क्विंटल, भाव ४,४०० रुपये धरा. आडत्याची पट्टी हातात पडण्याआधी, मोबाइल न काढता रक्कम सांगता येईल? सात क्विंटलचे ३०,८००, वरच्या पाव क्विंटलचे १,१००. झाले ३१,९००. हमाली, तोलाई वेगळी.

जुन्या माणसांना हे चटकन जमतं, कारण त्यांनी अपूर्णांकांचेही पाढे पाठ केले होते. पंतोजींच्या शाळेत नेहमीच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. ‘औट घटकेचं राज्य’ म्हणतो, त्यातला औट हाच.

हे पाठांतर थेट दुकानासाठी होतं. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै आणि ४० शेरांचा मण. आता गंमत पाहा. ४० भागिले १६ म्हणजे अडीच. म्हणून मणाला जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेरांना. ज्वारी ७ रुपये मण असेल, तर अडीच शेर ७ आण्यांना. कागदाची गरजच नाही! इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकी सुटसुटीत युक्ती क्वचितच भेटली.

उमरग्याच्या व्यापाऱ्याला याहून अवघड हिशेब करावा लागे. तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे हाली रुपया चाले. शेजारचं सोलापूर इंग्रजांच्या ताब्यात, तिथे कलदार. ६ कलदार म्हणजे ७ हाली. सोलापुरात १०० कलदारांचा माल घेतला, तर हालीत ११६ रुपये, १० आणे, ८ पै. हिशेबात कच्चा असलेल्याला बट्ट्यातच फटका बसे.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. १ एप्रिल १९५७ ला देशात रुपयाचे १०० पैसे झाले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले. आणे आणि शेर गेले, तसे हे पाढेही मागे पडले. माझ्या मते ही घाई झाली. सवायकी दशमानातही तितकीच चालते. सवा रुपयाच्या १७ वस्तू, सतरा सवाय सव्वाएकवीस, म्हणजे २१ रुपये २५ पैसे. पाव किलो, दीडशे, अडीचशे हे शब्द तर बाजारात आजही रोजचेच आहेत.