युरियाची गोणी आणि परदेशची थंडी

आर्द्रा लागली कीं यवतमाळ, दारव्हा, पुसद येथील कृषि-केंद्रांपुढें युरियासाठीं रांगा लागतात. त्या रांगेंतील एखाद्या शेतकऱ्यास, तुझ्या गोणीचा संबंध युरोपांतील हिवाळ्याशीं आहे असें आम्हीं सांगितलें, तर तो आम्हांस वेड्यांत काढील. तथापि गोष्ट खरी आहे, म्हणून तिचा थोडा खुलासा करितों.

युरिया खाणींतून निघत नाहीं. हवेंतील नत्राचा हायड्रोजनशीं संयोग करून प्रथम अमोनिया होतो व त्यावर कार्बन डायऑक्साइडची क्रिया करून युरिया तयार होतो. हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड दोन्ही आपल्या बहुतेक कारखान्यांत नैसर्गिक वायूपासूनच काढतात. भट्टीसहि तोच वायु लागतो. ४५ किलोच्या गोणीमागें सुमारें २५ ते ३० घनमीटर वायु खर्चीं पडतो. स्वयंपाकघरांतील सिलिंडरांत १४·२ किलो गॅस असतो. वजनानें पाहतां गोणीचा वायु त्याहून अधिकच भरतो. रायगड जिल्ह्यांतील थळचा मोठा कारखाना मुंबईच्या समुद्रांतील वायूच्या भरंवशावरच उभारला गेला.

जर्मनी, हॉलंड, इंग्लंड या थंड देशांत वायूचा मोठा भाग घरें ऊबदार ठेवण्यांत जातो. तेथें उन्हाळ्यांत तो भूगर्भांत सांठवितात व हिवाळ्यांत बाहेर काढतात. थंडी कडक पडली कीं मागणी एकदम चढते. आमची पौषांतील थंडी शेकोटीवर निभते आणि विजेचें बहुतेक काम वणीसारख्या खाणींतील कोळसा करितो. म्हणून आपल्या देशाच्या एकंदर इंधनांत वायूचा वांटा सहा-सात टक्क्यांच्या आसपासच आहे, व त्या थोडक्यांतील एक मोठा वांटेकरी खताचा कारखाना होय.

परंतु देशांतील वायु पुरत नाहीं. २००४ सालापासून गुजरातेंतील दहेज बंदरीं कतारचा द्रवरूप वायु जहाजानें येऊं लागला. यांपैकीं मोकळ्या बाजारांतील जहाजें जो भाव अधिक देईल त्याच्या बंदराकडे वळतात. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली, युरोपास नळावाटे मिळणारा रशियाचा वायु आटला, आणि येत्या हिवाळ्याच्या धास्तीनें युरोप या जहाजांवर तुटून पडला. भाव अतोनात चढले.

मग आमची गोणी महाग कां झाली नाहीं? कारण युरियाचा विक्रीभाव सरकार ठरवितें. निंबोळी-तेलाचा लेप दिलेल्या ४५ किलोच्या गोणीस २६६ रुपये ५० पैसे, हा भाव त्या वर्षींहि ढळला नाहीं. मधली तूट खजिन्यानें सोसली. २०२२-२३ सालीं खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरांत गेलें. तें पैसे शेवटीं आपलेच, हें निराळें सांगावयास नको.

या धोरणाची दुसरी बाजू शेतांत दिसते. १९९२ सालीं स्फुरद व पालाश खतें भावनियंत्रणांतून सुटलीं, युरिया मात्र राहिला. आज युरियांतील नत्र किलोस सुमारें १३ रुपयांस पडतें, डी.ए.पी.ची गोणी १,३५० रुपयांस धरून त्यांतील नत्राची किंमत वजा केली, तर स्फुरद पन्नासांवर जातें. स्वस्त म्हणून मूठ सैल सुटते. कपाशी हिरवीगार माजते, तिजवर मावा व तुडतुडे येतात, आणि बोंडें लांबतात. काळ्या चिबड जमिनींत तर जास्तीच्या नत्राचा बराच भाग झाडास न लागतां वायां जातो. समुद्रपार देशाशीं भावाची चढाओढ करून आणलेला वायु असा पुन्हां हवेंत!

कोरडवाहू कपाशीस हेक्टरीं ६० किलो नत्र द्यावयाचें ठरलें, तर युरिया १३० किलो, म्हणजे तीन गोण्यांहून किंचित् कमीच लागतो. तो एकदम न देतां, वाफसा असतां, दोन-तीन हप्त्यांनीं मुळांजवळ देऊन मातीनें झांकावा. त्याबरोबर डी.ए.पी. दिली असेल तर तिच्यांतील नत्र वजा करावें. भरपूर शेणखत पडलें असेल किंवा बेवड सोयाबीनची असेल, तर याहूनहि कमी.