हिरा कठीण, कोंदण नाजूक : घरच्या घरी हिऱ्याचे दागिने किती वेळा आणि कसे स्वच्छ करावेत?

राजाजीनगर (बेंगळुरू) : श्रावणातील वरमहालक्ष्मी व्रत आणि त्यामागून येणारे गौरी-गणपती या दिवसांत लॉकरमधील दागिने बाहेर निघतात आणि वर्षभर अंगावर असलेल्या हिऱ्याच्या कुड्या, अंगठ्या व मंगळसूत्राचे पदक निस्तेज झाल्याचे प्रथमच नजरेस येते. पश्चिम बेंगळुरूतील राजाजीनगरच्या डॉ. राजकुमार मार्गावर दागिन्यांची दालने आहेत. येथून मेट्रोच्या हरित मार्गिकेने चिकपेटच्या जुन्या सराफ बाजारातही थेट जाता येते. मात्र हिऱ्याचे गेलेले तेज परत आणण्यासाठी बहुतेक वेळा सराफाकडे जाण्याची गरज नसते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर काम भागते. खरी काळजी हिऱ्याची नव्हे, तर त्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याची आणि त्याच्या शेजारी बसलेल्या अन्य रत्नांची घ्यावी लागते.

हिरा मळतो का?

हिरा हा निसर्गातील सर्वांत कठीण खनिज पदार्थ. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्स मापनश्रेणीत त्याला १० हे सर्वोच्च स्थान आहे. माणिक आणि नीलम ९ वर आहेत, तर सोने अवघे २.५ ते ३ च्या दरम्यान. त्यामुळे धुळीने हिऱ्यावर ओरखडा पडत नाही. तरीही तो लवकर मळतो, कारण हिऱ्याच्या पृष्ठभागाला पाण्यापेक्षा तेलाचे आकर्षण अधिक असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथील खाणींत या गुणाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होऊ लागला. दळलेला खडक पाण्यासोबत वंगणाचा थर दिलेल्या टेबलावरून वाहू दिला जाई. अन्य खडे पाण्याबरोबर पुढे जात आणि हिरे वंगणाला चिकटून राहत.

तीच प्रक्रिया रोज अंगावर घडत असते. केसांना लावलेले खोबरेल तेल कुड्यांच्या मागे साचते, नाकातील चमकीला त्वचेचा तेलकटपणा लागतो, तर अंगठीला हातावरचे क्रीम, कणीक आणि फोडणीच्या तेलाचे कण चिकटतात. हळद-कुंकू आणि पावडर या तेलकट थरात अडकून बसतात.

हा थर हिऱ्याच्या वरच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूस अधिक घातक ठरतो. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे. हिरा स्वच्छ असून मागे हवा असेल, तर त्याच्या आत सुमारे २४ अंशांपेक्षा अधिक कोनाने मागील पैलूवर पडणारा प्रकाशकिरण बाहेर निसटत नाही. तो पूर्णपणे परावर्तित होऊन पुन्हा वर येतो. हिऱ्याची झळाळी म्हणतात ती हीच. मागील पैलूंवर तेलाचा थर बसला की ही मर्यादा २४ अंशांवरून सुमारे ३७ अंशांवर जाते. परिणामी, जो प्रकाश डोळ्यांकडे परतायला हवा, त्यातील बराचसा मागून निघून जातो. हिरा खराब झालेला नसतो. केवळ त्याची मागील बाजू धुण्याची आवश्यकता असते. दागिना वरून कापडाने कितीही पुसला तरी तेज परत येत नाही, त्याचे कारण हेच.

बेंगळुरूच्या पाण्याचा प्रश्न

भारताचे अखेरचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारे राजाजीनगर हे स्वातंत्र्यानंतरच्या काळात औद्योगिक वसाहतीसह विकसित झालेले उपनगर. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उपसून आणले जाते. ते पुरत नाही तेव्हा नागरिक कूपनलिका आणि टँकरवर अवलंबून राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यातील पाणीटंचाईत हे अवलंबित्व देशभर चर्चेचा विषय झाले होते.

कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अंगाचा साबण या क्षारांशी संयोग पावला की पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोटीवर दिसणारा हा थर अंगठी घालून स्नान केल्यास हिऱ्याच्या मागेही बसतो. त्यामुळे रोज साबणाच्या पाण्यात भिजणारी अंगठी अधिक स्वच्छ राहते, हा समज चुकीचा आहे. जड पाण्याचा वापर असलेल्या मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर परिसरातील घरांनाही हे तितकेच लागू पडते. यावर उपाय दोन : दागिने धुण्यासाठी पिण्याचे शुद्ध केलेले पाणी घ्यावे आणि अंगाच्या साबणाऐवजी भांडी घासण्याच्या सौम्य द्रवरूप साबणाचे काही थेंब वापरावेत. या द्रवरूप साबणाचा जड पाण्यात तसा साका होत नाही.

किती वेळा धुवावे?

याचे उत्तर दागिना किती वापरला जातो, यावर अवलंबून आहे. रोज बोटात असणारी अंगठी आठवड्यातून एकदा किंवा फार तर पंधरा दिवसांतून एकदा धुवावी. रोजच्या कुड्या, चमकी आणि मंगळसूत्राचे हिऱ्याचे पदक यांच्यासाठी पंधरवडा ते महिना हे अंतर पुरेसे आहे. सणासमारंभापुरता वापरला जाणारा हार किंवा बांगड्या वापरानंतर मऊ कापडाने पुसाव्यात आणि लॉकरमध्ये परत ठेवण्यापूर्वी एकदा धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात. तेल आणि घामाचा थर वर्षभर तसाच राहिला, तर तो घट्ट होऊन काढणे अवघड जाते. रोजच्या वापरातील दागिन्याचे कोंदण सहा महिन्यांतून एकदा आणि अन्य दागिन्यांचे वर्षातून एकदा जाणकार सराफाकडून तपासून घेणे हिताचे असते.

धुण्याची रीत

एका वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात द्रवरूप साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी उकळते नसावे. बोटाला सहज सोसेल इतपतच असावे. दागिना त्यात २० ते ३० मिनिटे भिजत ठेवावा. एका वेळी एकच दागिना भिजवावा, कारण हिरा सोन्यावरच नव्हे, तर दुसऱ्या हिऱ्यावरही ओरखडा काढू शकतो.

त्यानंतर लहान मुलांच्या मऊ दात घासण्याच्या ब्रशने प्रथम मागील बाजू, नंतर कडा आणि अखेरीस वरचा भाग हलक्या हाताने घासावा. कोंदणाच्या फटीत अडकलेला मळ टाचणी किंवा सुईने कोरू नये. पुन्हा दहा मिनिटे भिजवून ब्रश फिरवावा. दुसऱ्या वाटीतील स्वच्छ कोमट पाण्यात दागिना दोनदा विसळावा. वाहत्या नळाखाली, मोरीत किंवा सिंकवर तो कधीही धरू नये. सैल झालेला खडा नेमका अशाच वेळी निसटतो आणि जाळीतून वाहून जातो. वाटीतील पाणीही लगेच न ओतता दागिन्यातील सर्व खडे जागेवर असल्याची खात्री झाल्यावरच टाकावे.

दागिना धागे न सुटणाऱ्या मऊ कापडावर ठेवून टिपावा आणि वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावा. धुतल्यानंतर तो कडेने उचलावा. बोटाचा एक ठसाही हिऱ्यावर तेलाचा नवा थर ठेवतो.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकात रिठ्याच्या पाण्याने दागिने धुण्याची जुनी पद्धत आहे. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य साबणासारखा फेस आणून तेलकटपणा सोडवते. रिठे भिजवून गाळलेले कोमट पाणी साध्या कोंदणाच्या हिऱ्यांना चालते. मात्र रिठ्याच्या सालीचे कण फटीत राहू नयेत म्हणून ते नीट गाळून घ्यावे.

काय टाळावे?

दंतमंजन, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि भांड्यांची पावडर यांतील कण हिऱ्याचे काही बिघडवत नाहीत. परंतु सोन्याची झळाळी मारतात. हिऱ्याचे दागिने प्रामुख्याने १८ किंवा १४ कॅरेट सोन्यात घडवले जातात. १८ कॅरेटमध्ये सोने ७५ टक्के, तर १४ कॅरेटमध्ये सुमारे ५८.५ टक्के असते. उर्वरित भाग तांबे, चांदी, जस्त यांसारख्या धातूंचा असतो. कपड्यांच्या ब्लीचमधील आणि जलतरण तलावातील क्लोरीन या मिश्रधातूंवर आघात करते. वारंवार संपर्क आल्यास हिरा पकडून ठेवणारे बारीक आकडे ठिसूळ होऊन तुटू शकतात. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो जोरात घासल्यास लवकर उडतो आणि खालची पिवळसर छटा दिसू लागते.

कठीण असूनही हिरा अभंग नाही. त्याच्या स्फटिकरचनेत चार दिशांना चिरण्याची प्रवृत्ती असते. ओट्याच्या दगडावर नेमक्या कोनात आपटल्यास त्याचा टवका उडू शकतो. त्यामुळे कणीक मळताना, जड भांडी घासताना आणि व्यायाम करताना अंगठी काढून ठेवणे हीच उत्तम दक्षता.

ध्वनिलहरींवर चालणारी लहान स्वच्छता यंत्रे आता घरगुती वापरासाठीही मिळतात. ज्या हिऱ्यातील भेगा काचेसारख्या द्रव्याने भरलेल्या आहेत किंवा ज्यांचे कोंदण सैल आहे, अशा दागिन्यांसाठी ती वापरू नयेत. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा रासायनिकदृष्ट्या हिराच असल्याने त्याला वरील सर्व नियम जसेच्या तसे लागू होतात.

पारंपरिक दागिन्यांचे वेगळे शास्त्र

सर्वाधिक नुकसान होते ते जुन्या दागिन्यांचे. पोलकी हिऱ्यांच्या कुंदनकामात आणि दक्षिणेतील अनेक जुन्या बंद कोंदणांत खड्यामागे चकाकणारा पातळ वर्ख बसवलेला असतो. खड्याची झळाळी त्या वर्खावर अवलंबून असते. असा दागिना पाण्यात बुडवल्यास ओलावा आत शिरतो, वर्ख काळवंडतो आणि खडा कायमचा मंद दिसू लागतो. आत लाख भरलेल्या दागिन्यांत गरम पाण्याने लाख सैल होते. दागिना उलटा करून पाहावा : खड्याची मागील बाजू उघडी दिसत असेल तर तो भिजवता येतो; मागे सोन्याचा पत्रा असेल तर तो केवळ किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडा करावा.

नथीतील मोती आणि हिऱ्यासोबत जडवलेले पोवळे यांनाही भिजवणे मानवत नाही. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेले असते. साबणाने ते निघून जाऊन भेगा उघड्या दिसतात. मंगळसूत्राचे काळे मणी दोऱ्यात ओवलेले असल्यास केवळ पदक पाण्यात धरावे, कारण भिजलेला दोरा कुजून अवचित तुटतो.

धुणे वेगळे, पॉलिश वेगळे

धुण्याने दागिन्यावरील मळ जातो; पॉलिश करताना मात्र सोन्याचा अतिशय पातळ थरच घासून काढला जातो. सराफी कारखान्यांतील केर आणि धुण्याचे पाणीही फेकले जात नाही, कारण त्यात सोन्याचे कण असतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातील मराठी गलाई व्यावसायिकांनी देशभरातील शहरांत सोने गाळण्याचा व्यवसाय उभारला. केरातून सोने परत मिळवण्याचे काम हा त्यातीलच एक भाग. त्यामुळे केवळ निस्तेज दिसतो म्हणून दागिना वारंवार पॉलिशला देणे म्हणजे आकडे झिजवणे होय.

दारावर येऊन ‘दागिने चमकवून देतो’ म्हणणाऱ्या भामट्यांपासून पोलीस वारंवार सावध करतात. काही प्रकारांत दागिना बदलला जातो, तर काहींत तो आम्लात बुडवून सोने विरघळवले जाते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात सोने विरघळते आणि ते द्रावण घेऊन भामटा निघून जातो. हिऱ्यावर या आम्लाचा परिणाम होत नाही. म्हणून दागिना वरकरणी चकचकीत दिसतो. मात्र वजन घटलेले असते आणि कोंदण कमकुवत झालेले असते.

दुरुस्तीसाठी दागिना देताना त्याचे छायाचित्र, वजन, खड्यांची संख्या आणि हॉलमार्कसोबत कोरलेला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक पावतीवर नोंदवून घ्यावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यांची विक्री याच क्रमांकासह करणे बंधनकारक आहे आणि भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो पडताळता येतो.

धुणे हीच तपासणी

दागिना सुकल्यावर दोन गोष्टी कराव्यात. तो कानाजवळ धरून हलकेच हलवावा. बारीक खडखड ऐकू आल्यास खडा सैल आहे. नंतर मऊ सुती कापड कोंदणावरून अलगद फिरवावे. धागा अडकल्यास आकडा उचलला गेला आहे, असे समजावे. अशा वेळी दागिना अंगावर न घालता छोट्या डबीत बंद करून सराफाकडे न्यावा. आकडा दाबून बसवणे हे काही मिनिटांचे काम असते. हरवलेला हिरा मात्र बहुधा परत मिळत नाही. पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर पाण्यात केलेल्या या कामाने चमक परत येतेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिरा निसटण्यापूर्वी धोका लक्षात येतो.