गोगलगायीचं दूरचं नातं

ट्रिस्टन द कुन्हा हा दक्षिण अटलांटिकमधला बेटांचा पुंजका ज्वालामुखीतून वर आलेला. कुठल्याही खंडाला तो कधी जोडलेला नव्हता, तरी तिथे जमिनीवरच्या गोगलगायी नांदतात. शंखाची ठेवण वेगळी म्हणून अभ्यासकांनी त्यांना ‘ट्रिस्टानिया’ या स्वतंत्र गटात टाकलं होतं. २००६ मध्ये संशोधक एडमंड गिटेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तर या निघाल्या युरोपात झाडांच्या खोडांवर राहणाऱ्या ‘बालिया’च्या घरच्याच! पूर्वज युरोपातून अझोर्स बेटांवर आणि तिथून विषुववृत्त ओलांडून ट्रिस्टनला गेले. त्यांच्यातले काही पुढे उत्तरेला परतलेही.

पण गेले कसे? बहुधा पक्ष्यांच्या पिसांना चिकटून. बालियाचा स्राव चांगलाच चिकट, शिवाय ती उभयलिंगी आणि स्वफलन करणारी. वंश चालवायला एकटी पोहोचली तरी भागतं. गोगलगायी दूरच्या बेटांवर पोहोचतात कशा, हे कोडं डार्विनला इतकं छळत होतं की त्याने एक गोगलगाय २० दिवस समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवली. ती ठणठणीत राहिली. जपानच्या हाहाजिमा बेटावरच्या गोगलगायी तर त्याहून चिवट. जेमतेम अडीच मिलिमीटरच्या या गोगलगायी संशोधकांनी चष्मेवाला पक्ष्यांना खाऊ घातल्या. सुमारे १५ टक्के विष्ठेतून जिवंत बाहेर पडल्या, एकीने तर लगेच पिल्लंही दिली.

म्हणून विखुरलेला गट दिसला की फुटलेल्या खंडांकडे बोट दाखवणं मला घाईचं वाटतं. श्रीलंकेतल्या ‘अकॅव्हस’ गोगलगायींचे नातलग मादागास्कर आणि सेशेल्सवर आहेत, तिथे गोंडवन या फुटलेल्या प्राचीन महाखंडाची कथा पटते. नातं ठरवताना शंखावरही फार विसंबू नये. तो अनेक कुळांनी आपापल्या परीने टाकून दिला, त्यामुळे बिनशंखाच्या सगळ्या गोगलगायी काही एका घरातल्या नाहीत. पाण्यातून जमिनीवर येणंही अनेकदा घडलं. पावसाळ्यात सह्याद्रीत वाकून पाहा. लांब शिंगांच्या टोकाशी डोळे असतील तर ती एका वंशातली. डोळे शिंगांच्या बुडाशी आणि पायामागे शंखाचं दार लावणारं गोल झाकण असेल, तर ‘सायक्लोफोरस’च्या गोतातली. या दुसरीचं नातं पहिलीपेक्षा भातखाचरातल्या पाणगोगलगायीशी जवळचं!

गोगलगायी पसरवण्यात माणसाने तर पक्ष्यांनाही मागे टाकलं. पूर्व आफ्रिकेतली मोठी शंखी गोगलगाय विल्यम बेन्सन या शंखशौकिनाने १८४७ मध्ये मॉरिशसहून आणून कोलकात्याच्या चौरंगीतल्या बागेत सोडली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवच्या शिवारांत याच शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब असे फस्त केले की अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात अंथरायची आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, असा उपाय शेतकऱ्यांना सांगितला जातो.