जुन्या धुलाई यंत्राची घरच्या घरी निगा व दुरुस्ती

खेड्यातील अनेक घरांच्या पडवीत दोन कप्प्यांचे, वरून कपडे टाकावयाचे धुलाई यंत्र भिंतीशी उभे असलेले दिसते. परंतु त्यात कपडे नसतात. एका कप्प्यात कांदे भरलेले असतात, दुसऱ्यात रिकाम्या गोण्या कोंबलेल्या असतात. यंत्र "जळाले" असे घरात सांगितले जाते, आणि घरातील स्त्री शेतातून आल्यावर पूर्वीप्रमाणेच हौदाच्या कडेला धुणे बडवीत बसते. अशी यंत्रे उघडून पाहिली असता पुष्कळदा मोटर शाबूत आढळते. पट्टा झिजलेला असतो, कंडेन्सर निकामी झालेला असतो, किंवा उंदराने एखादी तार कुरतडलेली असते.

ज्या शेतकऱ्याने विहिरीवरील सिंगल फेज मोटरचा कंडेन्सर बदलला आहे अथवा पिठाच्या गिरणीचा पट्टा ताणला आहे, त्याला या यंत्रात फारसे अपरिचित असे काही नाही. धुण्याच्या कप्प्याखाली एक मोटर असते. ती पट्ट्याच्या साहाय्याने गिअरबॉक्स फिरविते आणि गिअरबॉक्सवर बसविलेली तळाची चकती पाणी व कपडे घुसळते. ही चकती थोडा वेळ उजवीकडे व थोडा वेळ डावीकडे फिरावी, ही व्यवस्था वरचा टायमर पाहतो. पिळण्याच्या कप्प्याखालील मोटर वेगळी असून तिला पट्टा नसतो. ती जाळीदार पिंपाला सरळ जोडलेली असते.

कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. यंत्रातील पाणी काढून, मागील पत्रा वा झाकण सोडवून, जमीन कोरडी असताना काम करावे.

यंत्र सुरू करताच नुसता घूं असा आवाज येतो आणि चकती फिरत नाही, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते. अशा वेळी यंत्र तसेच चालू ठेवणे म्हणजे मोटर जाणूनबुजून जाळणे होय. प्रथम विजेचा दाब पाहावा. २३० व्होल्टच्या जागी संध्याकाळी दाब फार उतरत असेल, तर दोष यंत्राचा नसून वेळेचा आहे. धुणे दाब चांगला असेल त्या वेळी काढावे. दाब ठीक असल्यास प्लग काढून चकती हाताने फिरवून पाहावी. ती अडकत असेल तर मधला स्क्रू सोडवून, चकतीखालून दोन बाजूंनी मजबूत सुतळी ओवून ती सरळ वर ओढावी. खाली साचलेली माती, दोऱ्यांचा गुंता, नाणी, टाचण्या निघतात. चकती मोकळी फिरत असूनही मोटर उठत नसेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते, हे पंपाच्या अनुभवावरून बहुतेकांना ठाऊक आहेच. यास्तव त्याच्या दोन टोकांना बल्बच्या होल्डरच्या दोन तारा क्षणभर लावून ती उतरवावी व मगच त्यास हात लावावा. नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्याच आकड्याचा घ्यावा, आणि त्यावरील व्होल्टचा आकडा जुन्यापेक्षा कमी नसावा. दुकानदार "चालतो" म्हणाला तरी भिन्न आकड्याचा बसवू नये.

मोटर फिरते, परंतु कपडे टाकल्यावर चकती थांबते, असे असेल तर पट्टा ढिला झालेला असतो. दोन चाकांच्या मध्यभागी पट्टा बोटाने दाबला असता सुमारे अर्धा इंच दबावा. अधिक दबत असल्यास मोटरचे बोल्ट सैल करून ती लांबट छिद्रांत मागे सरकवावी व पुन्हा आवळावी. पट्टा फार ताणल्यास बुश लवकर झिजतात. पट्ट्यास तेल, मेण वा राळ लावण्याची सवय येथे उपयोगाची नाही. पट्ट्यास भेगा पडल्या असल्यास त्यावरील क्रमांक पाहून त्याच मापाचा नवा आणावा.

पिळण्याच्या कप्प्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावयास हवे, कारण यंत्रातील महाग दुरुस्ती येथेच उद्भवते. पिंपाचा दांडा ज्या ठिकाणी बाहेरील टाकीच्या तळातून खाली उतरतो, तेथे एक रबरी सील असते. ते फाटले की पाणी थेंबथेंब खालच्या मोटरवर पडते. आरंभी काहीच कळत नाही. पुढे मोटर घरघरू लागते, बेअरिंग गंजते आणि एके दिवशी वेटोळे जळते. म्हणून यंत्राखाली पिळण्याच्या बाजूस ओल दिसू लागली की वाट पाहू नये. प्लग काढून, निचऱ्याची नळी वर टांगून, पिळण्याच्या कप्प्यात दोन लिटर पाणी ओतावे आणि मागून विजेरीच्या उजेडात पाहावे. दांड्यालगत थेंब दिसला तर सील गेले असे समजावे. खालच्या जोडाचे बोल्ट सैल करून पिंप वर उचलले की सील हाती लागते. नवे बसविताना त्याच्या मधल्या बुशास थोडे ग्रीस लावावे. हे काम सावकाश केले तरी एका दुपारचे आहे.

याच कप्प्याचे झाकण उघडताच वीज तुटून ब्रेक लागावा आणि पिंप काही क्षणांत थांबावे, अशी योजना असते. झाकणाचा खटका बिघडला म्हणून तारा परस्पर जोडून यंत्र झाकण उघडे ठेवून चालविण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. तो अत्यंत घातक आहे. फिरत्या पिंपातील ओल्या लुगड्याचा पदर हाताभोवती गुंडाळला गेला तर हात मोडतो. लहान मुले असलेल्या घरात तर ब्रेकची पट्टी व तार दुरुस्त होईपर्यंत हा कप्पा वापरू नये.

पाणी आपोआप गळून जात असल्यास निचऱ्याच्या रबरी बुचाखाली दोरा वा खडा अडकलेला असतो, तो काढावा.

ज्या गावी विंधन विहिरीचे पाणी जड आहे, तेथे चकतीखाली व पिंपाच्या छिद्रांत पांढरा थर बसतो. साबण अशा पाण्यात फेस न देता चिकट साका धरतो, म्हणून धुण्याची पावडर बरी. दोन महिन्यांतून एकदा हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात सुमारे १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून यंत्र रिकामेच थोडे फिरवावे, तासभर तसेच ठेवावे व साध्या पाण्याने धुवावे. त्यात ब्लीचिंग पावडर कदापि मिसळू नये. विषारी वायू निघतो.

यंत्राचा पत्रा हाताला झिणझिण्या देत असेल तर ती किरकोळ गोष्ट समजू नये. तीन पिनांचा प्लग असूनही घराचे अर्थिंग केवळ नावापुरते असते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी खटका परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावा. हे एक काम घरी करू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत पंपाच्या अर्थिंगची चौकशी करतानाच या यंत्राचीही करावी. यंत्राच्या बुडाशी बारीक तारेची जाळी ठोकल्यास उंदीर आत शिरत नाहीत आणि वाराही खेळता राहतो.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात कधीही मिसळू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध अंगाप्रमाणे कापडातही मुरते. असे कपडे हातमोजे घालून निराळे, दोन पाण्यांत धुवावेत, उन्हात वाळवावेत आणि नंतर यंत्र पावडर टाकून एकदा रिकामे फिरवावे. मूळ औषध सांडून भिजलेला कपडा धुवू नये, टाकून द्यावा. धुण्याचे हे पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे अथवा गुरांच्या हौदाकडे जाणार नाही, अशा बेताने निचऱ्याची नळी सोडावी.