जीवशास्त्राचे हिशेबनीस

दुकानात माल कितीही असो, वही नीट नसेल तर नफा-तोटा कळत नाही, हे आपण व्यापारी जाणतोच. जीवशास्त्राचेही तसेच आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत; ती वाचण्याचा जागतिक प्रकल्प २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यातून रोगाचे मूळ आणि औषधाची दिशा शोधायला जीवशास्त्र, गणित व संगणक तिन्ही जाणणारी माणसे लागतात. ती घडवण्याचे काम विद्यापीठांतील संगणकीय जीवशास्त्र विभाग करतात. पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९८७ सालीच सुरू झाले. म्हणून डॉक्टरकीची जागा हुकली तरी मुला-मुलींचे शिक्षण थांबवू नये. बारावीला जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवावे, असे आम्ही पालकांना सुचवतो.