सिकलसेल सहा महिने कुठे दडतो?

जन्मताना वजन चांगलं, रडणं जोरात, दूध पिणं उत्तम. मग सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाच्या हातापायांना सूज येते, बोटांना नुसता स्पर्श झाला तरी ते कळवळतं. गडचिरोली, नंदुरबारकडच्या डॉक्टरांना हे चित्र नवं नाही. रक्त तपासलं की सिकलसेल निघतो. घरचे विचारतात, आजार जन्मापासूनचा, तर इतके दिवस दिसला कसा नाही? प्रश्न रास्त आहे.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कोणतं जनुक कुठे आणि कधी चालू राहायचं, हे मात्र वाढीबरोबर बदलतं. गर्भाचं रक्त आधी त्याच्याबाहेरच्या योक सॅक या पिशवीत तयार होतं, मग यकृतात आणि शेवटी हाडांतल्या मज्जेत. हिमोग्लोबिनही बदलत जातं. ११व्या गुणसूत्रावर एप्सिलॉन, गॅमा आणि बीटा ही जनुकं ज्या क्रमाने कामाला लागतात, त्याच क्रमाने ओळीत बसलेली आहेत! गॅमापासून बनणारं गर्भाचं हिमोग्लोबिन वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन सहज ओढून घेतं. जन्मानंतर गॅमा मंदावतं, बीटा जोर धरतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं तरी या बदलाला घाई होत नाही.

सिकलसेलमधला दोष, तोही एका अक्षराचा, बीटा जनुकात असतो. त्यामुळे गर्भाचं हिमोग्लोबिन पुरेसं असेतोवर बाळ सुरक्षित. १९४८मध्ये जॅनेट वॉटसन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी नेमकं हेच सुचवलं होतं. गॅमाला बंद कोण करतं, हे कळायला त्यानंतर साठ वर्षं लागली. २००८मध्ये बीसीएल११ए या जनुकाचं नाव पुढे आलं. पण ते सरसकट बंद करणं परवडणारं नाही, कारण मेंदूच्या वाढीला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही ते लागतं. सुदैवाने, लाल पेशी घडवणाऱ्या पेशींमध्ये त्याला चालू ठेवणारं बटण वेगळं आहे. तेवढंच निकामी करणाऱ्या उपचाराला २०२३मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे आणि आधी जबर केमोथेरपी सोसावी लागते. मेळघाटातल्या कुटुंबाला त्याचा आज काय उपयोग?

हायड्रॉक्सियुरियाच्या साध्या गोळ्याही गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या नियमित घेतल्या तर वेदनेचे झटके कमी होतात. दुखणं थांबलं की गोळी सोडायची, ही आपल्याकडची खोड मात्र इथे महागात पडते.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर बाळ गुटगुटीत दिसतं म्हणून थांबू नये. गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी पहिल्या सहा महिन्यांत फसवी ठरू शकते; तान्ह्या बाळासाठी एचपीएलसी तपासणी मागावी. निदान लवकर झालं तर दोन-तीन महिन्यांच्या आतच पेनिसिलिन सुरू करता येतं. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होऊ लागते आणि न्यूमोकोकसचा संसर्ग काही तासांत जीवावर बेतू शकतो.