जनसंपर्काची पदवी आणि बारीक अक्षरे



गेल्या पेसाखच्या सुट्टीत आमच्या शेजारची मुलगी तीन महाविद्यालयांच्या रंगीत पुस्तिका घेऊन माझ्याकडे आली. सैन्यातील सेवा संपवून तिला वर्षही झाले नव्हते. "मावशी, मला जनसंपर्काची पदवी घ्यायची आहे. कुठे जाऊ ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. मागोमाग तिचे वडील आले. दिमोनातील कारखान्यात उभे आयुष्य घालविलेले हे गृहस्थ एरवी मितभाषी, पण त्या दिवशी म्हणाले, "बाई, लोकांशी गोड बोलायला कॉलेज कशाला लागते? नर्स झाली असती तर समजलो असतो." असे म्हणाले खरे, परंतु बँकेच्या कर्जाचा अर्ज त्यांनी खिशात घालूनच आणला होता.

गोड बोलणे म्हणजे जनसंपर्क, हा समज फार जुना आहे. व्हिएन्नात जन्मलेले, सिग्मंड फ्रॉईड यांचे भाचे एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकविण्यास घेतला. याच बर्नेज यांनी १९२९ मध्ये एका सिगारेट कंपनीसाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींना धूम्रपान करीत चालविले आणि त्यास स्वातंत्र्याचे नाव दिले. उतारवयात तेच धूम्रपानाविरुद्ध बोलू लागले. म्हणून या विषयात नीतिशास्त्र कोण शिकवितो, आणि मुळात शिकवितो की नाही, हे मी प्रथम पाहते.

हे शास्त्र आपल्या समाजाला अगदीच परके नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या वडीलधाऱ्यांनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला, आपली बाजू वृत्तपत्रांपर्यंत व क्नेसेटपर्यंत पोचविली, आणि त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. त्यांच्यापैकी कोणी ही विद्या शिकून आलेले नव्हते, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. इस्राएलमध्ये 'याखसेई त्सिबूर' या नावाची स्वतंत्र पदवी सहसा मिळत नाही. संवादशास्त्राच्या, म्हणजे 'तिक्शोरेत'च्या, पदवीत जनसंपर्क, दोव्रुत आणि जाहिरात हे विषय येतात. हिब्रू विद्यापीठात या शास्त्राची संस्था एलिहू कात्झ यांनी १९६६ साली स्थापिली. आज बार-इलान, हैफा आणि बीरशेवाचे बेन-गुरियोन येथेही हा विभाग आहे. विद्यापीठांत बगरुत व प्सिखोमेट्री या दोहोंचे गुण बारकाईने तोलले जातात. सदेरोतजवळचे सापिर हे सरकारी साहाय्य असलेले महाविद्यालय या विषयासाठी नावाजलेले आहे. हर्त्झलियाची राइखमन संस्था २०२१ मध्ये विद्यापीठ झाली. ती खाजगी आहे. आणि ज्यांची बगरुत अपुरी राहिली, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाचा दरवाजा उघडाच आहे.

सरकारी व खाजगी हा भेद आपल्या घरांतील खिशाला फार जाणवतो. सरकारी साहाय्य असलेल्या संस्थेत वर्षाचे शुल्क ढोबळमानाने दहा ते बारा हजार शेकेल असते. खाजगीत ते त्याच्या तिपटीच्या घरात जाते. तीन वर्षांचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मुलीचे वडील बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

मला मात्र पैशाहून मोठी धास्ती दुसरीच होती. काही वर्षांपूर्वी माझ्या भावाचा मुलगा अशाच एका संस्थेत दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गाला जात होता. नगरपालिकेतील एका जागेसाठी अर्ज करण्याची वेळ आली तेव्हा कळले, की हाती आलेला कागद ही केवळ 'तेऊदा' आहे, 'तोआर' नव्हे. पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे त्याचा शिक्षणावरचा विश्वासच उडाला. मी मुंबईत अध्यापनाचे शिक्षण घेतलेली, इतकी वर्षे मुलांना शिकविणारी बाई; पण घरातल्या मुलाची पुस्तिका मी वाचलीच नव्हती. ही टोचणी अजून गेलेली नाही.

म्हणून चष्मा लावून मी त्या तिन्ही पुस्तिका तळापर्यंत वाचल्या. सर्वांत देखण्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते, की पदवी देणे हे उच्च शिक्षण परिषदेच्या, म्हणजे आपण जिला 'मालाग' म्हणतो तिच्या, मंजुरीवर अवलंबून आहे. नवा अभ्यासक्रम सुरू करण्याची परवानगी निराळी आणि पदवी प्रदान करण्याचा अधिकार निराळा. असे अभ्यासक्रम पुढे रीतसर मान्यही होतात. पण कर्ज काढून शिकणाऱ्याने हे ठाऊक असूनच सही करावी. मान्य संस्थांची यादी मालाग स्वतः प्रसिद्ध करते, ती कोणासही पाहता येते.

'योम पातुआख'ला, म्हणजे महाविद्यालय पाहण्याच्या दिवशी, मीही तिच्यासोबत गेले. चकचकीत स्टुडिओ दाखविणाऱ्या तरुणाला मी विचारले, "पहिल्या वर्षी विद्यार्थ्याकडून आठवड्याला किती पाने लिहवून घेता? ती तपासतो कोण?" तो गोंधळला. या व्यवसायात वृत्तपत्रासाठी निवेदन लिहिणे, संकटकाळी तासाभरात खरी माहिती चार वाक्यांत देणे, हे रोजचे काम. ते कॅमेऱ्याने साधत नाही. आमच्या दिमोनात मराठी, रशियन, अम्हारिक बोलणारी वृद्ध माणसे आहेत. भोंगा वाजल्यावर कोठे जावे ही सूचना त्यांना कळेल अशी लिहिणारा माणूस नगरपालिकेला हवाच असतो. तिच्या वडिलांना जनसंपर्क म्हणजे काय ते या उदाहरणाने पटले. बर्नेज यांच्या गोष्टीने नव्हे!

सापिरचे नाव निघताच तिची आई गप्प झाली. ऑक्टोबर २०२३ नंतर सदेरोतच्या बाजूला मुलीला पाठविणे कोणत्या आईला सोपे वाटेल? त्या भीतीला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि मी ते देण्याचा आवही आणला नाही. मुलगीच शेवटी म्हणाली, "आई, तिथे लोक राहतातच ना."

बेन-गुरियोनसाठी तिचे प्सिखोमेट्रीचे गुण थोडे कमी पडले. तिने सापिरला नाव नोंदविले आहे. शुल्कासाठी सैन्यातून सुटताना मिळालेला 'पिकादोन' आहे, शिवाय 'पेराख' योजनेत एका लहान मुलाला शिकवून ती शिष्यवृत्ती मिळविणार आहे. सध्या ती शुक्रवारी सकाळी माझ्याकडे येते आणि आम्ही इंग्रजीच्या चाचणीची तयारी करतो. कर्जाचा अर्ज तिच्या वडिलांनी फाडलेला नाही. घडी घालून कपाटात ठेवला आहे.